पद्माच्या आईचं पुढं काय झालं

माझ्या घरमालकीणबाईंनी जगाचा अंत निदान दहा-बारा वेळा पाहिला असेल, आणि दर वेळी त्यांची तक्रार एकच असे. जग बुडालं याबद्दल त्यांचं काही म्हणणं नसे. बुडालेल्या जगातल्या बायका कुठं गेल्या, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्यानं राहिले. अकलूजहून नुकतीच आले होते, ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. त्या मला टीचर म्हणत. नाव सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. "नाव काय, कुणाचं बी असतंय," म्हणाल्या, "टीचर सगळ्यास्नी हुता येत न्हाई." यानंतर नावाचा आग्रह धरणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

आक्का बिड्या वळत. मांडीवर सूप, सुपात मापानं कापलेली पानं आणि तंबाखू, शेजारी दोऱ्याचं रीळ, आणि समोर तंबाखूच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. बाकीच्या बायकांच्या मोबाईलवर मालिका चालत किंवा भजनं. आक्कांना मात्र परदेशी सिनेमे लागत, हिंदी आवाज दिलेले, आणि तेही एकाच जातीचे. उद्याचं कुठलं तरी जग, दुष्ट सरकार, भोवती भिंत, आणि ते सरकार उलथून टाकणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. एकदा चुकून असला एक सिनेमा लागला, त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, आणि मग मोबाईलच त्यांना तसले सिनेमे हुडकून देऊ लागला.

परदेशी नावं लक्षात ठेवायची त्यांना गरज वाटत नसे. कुठल्याही सिनेमातली नायिका म्हणजे पद्मा. तिच्या मागंमागं फिरणारा मुलगा म्हणजे श्रीनिवास. आणि भिंतीआडच्या शहराचा जो कोणी हुकूमशहा असेल, तो चेअरमन. मी जिना उतरताना खालून हाक यायची, "टीचर, या की. चेअरमननं पद्माला धरलंय."

त्या सिनेमांतल्या कुठल्याच गोष्टीनं त्या घाबरत नसत. आक्का पाहत असलेल्या एका सिनेमात लोकांना पाच दिवसांनी पाणी मिळायचं आणि त्यावर भीषण संगीत वाजायचं. आक्कांनी ते ऐकून माझ्याकडं पाहिलं. आमच्या नळाला त्या दिवशी पाचव्या दिवशीच पाणी आलं होतं आणि त्यांनी माझ्या दोन कळशाही भरून ठेवल्या होत्या. "ह्यात रडायचं काय हाय?" त्या म्हणाल्या, "पिंप घ्या म्हणावं एक मोठं."

त्यांना राग यायचा तो मोर्च्यांवरून. "सोळा वर्षाची पोरगी एकटी सरकार पाडायलीय, आन बायकांचा एक मोर्चा न्हाई? आमी मजुरीसाठी कलेक्टर कचेरीवर गेलो तवा रस्ता दिसत नव्हता, नुसती लुगडी दिसत हुती. ह्या पोरांच्या आया काय करायल्यात घरात बसून?"

मी कॉलेजात शिकवते, तेव्हा समजावून सांगणं मला भागच होतं. मी म्हटलं, "आक्का, हे सिनेमे पुस्तकांवरून काढलेले असतात. ती पुस्तकं तरण्या पोरांसाठी लिहितात. गोष्टीत आई असली की पोरांना धाडस करता येत नाही, म्हणून लिहिणारे तिला बाजूला काढतात."

"का? मी असताना माझ्या पोरांनी काय कमी धाडस केलं?" आक्का म्हणाल्या. आणि मग सुपातला हात न थांबवता त्यांनी निकाल दिला, "पुस्तकात आई असणार. सिनेमावाल्यांनी कापली असंल. तीन तासात बसवायचं म्हणल्यावर पयलं कुणाला कापतेत? आईलाच की."

हा त्यांचा सिद्धांत. त्याच्यापुढं माझ्या एम.ए.चं काही चाललं नाही.

घरातही त्यांचे नियम त्यांचेच होते. दिवसा पुढचं दार लावायचं नाही, हा पहिला. सकाळी पाचला उघडलेलं दार रात्री जेवणं झाल्यावर लागे. त्यातून मांजरं येत, भांडी विकणारे येत, पत्ता विचारणारे येत आणि पाणी पिऊन जात. एका भर दुपारी बकरी आत आली आणि माझे तपासलेले पेपर खाऊन गेली. मी रडकुंडीला आले. आक्का म्हणाल्या, "नापासवाल्यांचे खाल्ले असंल तर पास करून टाका." पण दार लावू दिलं नाही. मला तेव्हा ही नुसती तऱ्हा वाटली होती.

दुसऱ्या वर्षी अशाच एका पुस्तकावरचा सिनेमा येणार म्हणून माझ्या अकरावीच्या वर्गानं कॉलेज डोक्यावर घेतलं. मी अट घातली, आधी पुस्तक वाचायचं, मग सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं. आणि दुकानातून एक प्रत घेऊन घरी आले. आक्कांनी मुखपृष्ठावरची हातात मशाल घेतलेली मुलगी पाहिली आणि म्हणाल्या, "ही पद्मा. वाचून दाखवा मला. आई हाय का बगू."

मग रोज कॉलेज सुटल्यावर चार ते पाच आमचं वाचन सुरू झालं. मी इंग्रजी पाहून मराठीत सांगायची, आक्का वळता वळता ऐकायच्या. गोष्ट अशी होती की एका कोरड्या शहराच्या खाली दुसरं शहर आहे. तिथले पंप ओढून वरच्या लोकांना पाणी देतात. पंप ओढायला दर वर्षी वरच्या घरांतली काही पोरं नेतात, आणि ती परत येत नाहीत. दुसऱ्याच प्रकरणात पद्माला न्यायला शिपाई येतात. तिची आई उंबऱ्यापर्यंत येते, मुलीकडं एकदा पाहते आणि दार लावून घेते.

एवढं वाचलं आणि सुपातले हात थांबले. तीन वर्षांत मी ते थांबलेले तीन-चारदाच पाहिले असतील.

"मग?" आक्कांनी विचारलं.

"मग पद्मा खाली जाते."

"पद्माचं न्हाई. आईचं."

मी म्हटलं, येईल पुढं. मला तेव्हा तसं वाटतही होतं. पण मी वरच्या खोलीत जाऊन पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. साडेतीनशे पानांत आई परत कुठंच नव्हती.

मी हे आक्कांना सांगितलं नाही. रोज वाचत राहिले आणि रोज वाचन संपल्यावर त्या विचारत, "आज बी न्हाई आली?" आठव्या दिवशी त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मला त्यांच्या मुलाची गोष्ट सांगितली.

व्यंकटेश थोरला. तो सोळाचा असताना इथले माग धडाधड बंद पडले. नवऱ्याच्या हाताला काम नाही, घरात तो आणि धाकटी बहीण. भिवंडीला चुलता होता. तो म्हणाला, पोराला द्या, मागावर लावतो. व्यंकटेशला जायचं नव्हतं, त्याला शाळा हवी होती. तो उंबऱ्यात पिशवी घेऊन उभा राहिला, आईकडं पाहत. आणि आक्कांनी दार लावून घेतलं.

"उघडं ठेवलं असतं तर मी पाय धरलं असतं त्याचं. ऱ्हा म्हणलं असतं. आन मग सगळ्यांनी खाल्लं काय असतं?" त्या म्हणाल्या.

तो तिकडंच वाढला, तिकडंच त्याचं लग्न झालं. वडील वारले तेव्हा आला होता. तेराव्याला कशावरून तरी बोलाचाली झाली आणि भरल्या घरात आईला म्हणाला, "तू तर दार लावून घेतलंस." त्यानंतर नऊ वर्षं तो आईशी बोलला नव्हता. अक्कलकोटला दिलेली बहीण दोघांची खुशाली इकडून तिकडं पोचवायची.

"मला त्याच्याकडं जायाचंय," आक्का म्हणाल्या. "पर जाऊन बोलायचं काय, कळंना. ही पद्माची आई काय करती बगू, म्हणून बसलेय मी."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पुस्तक उघडलं, एकोणिसाव्या प्रकरणावर बोट ठेवलं, आणि जे तिथं नव्हतं ते वाचलं. पद्माची आई उठली, तिनं दार उघडलं आणि ती पाण्याच्या पाइपाच्या कडेकडेनं चालायला लागली, कारण पाइप जिथून येतो तिथंच मुलगी असणार.

आक्कांचे हात थांबले. चेहरा असा उजळला की आपण केलेल्या पापाची मला लाज वाटायचीही राहून गेली.

"भाकरी घेतली का संगं?"

"घेतली."

"कडक घेतली का? मऊ टिकायची न्हाई."

"कडकच घेतली. आणि शेंगाची चटणी."

त्यानंतर पद्माची आई रोज आली. मी वर्गात व्याकरण शिकवताना तिला पुढच्या मुक्कामी कसं न्यायचं याचा विचार करू लागले. आक्का पदोपदी दुरुस्त्या सुचवत. "एकटी का जायली ती? शेजारणीला उठवू दे की. तिचं बी पोरगं नेलंय." मी शेजारणीला उठवली. मग तिच्या शेजारणीला. होता होता माझ्यामागं, म्हणजे पद्माच्या आईमागं, दोनशे बायका चालू लागल्या आणि मूळ लेखिकेला ओळखू येणार नाही अशी तिच्या पुस्तकाची गत झाली. खुद्द पद्मा बिचारी पंपापाशी बसून राहिली होती. तिच्याकडं बघायला आम्हा दोघींना वेळ नव्हता.

एक दिवस आक्का म्हणाल्या, "ती पोचली आन पोरीम्होरं काय बोलली, तेवढं आलं की मी भिवंडीचं तिकीट काढते."

आणि तिथं माझं वाचन अडकलं. पाइप, भाकरी, मोर्चा, हे सगळं मला रचता आलं होतं. पण दार लावून घेतलेली आई मुलीसमोर उभी राहून काय बोलेल, ते मला सुचेना. मी सबबी सांगू लागले. आज डोकं दुखतंय, आज परीक्षेचं काम आहे. दहा-बारा दिवस गेले, आणि सिनेमा लागला.

आक्कांना टाळायचा मी फार प्रयत्न केला. मुलांची सहल आहे म्हटलं, पडदा मोठा असतो, डोळ्यांना त्रास होईल म्हटलं. त्या नवं इरकल नेसून, पिशवी घेऊन माझ्याआधी रिक्षात बसल्या होत्या. दुपारचा खेळ होता. अकरावीची चाळीस पोरं आणि मधोमध आक्का. दारावरच्या गार्डनं पिशवीतली भाकरी आत नेऊ दिली नाही, तर त्यांनी ती त्यालाच दिली आणि वर सांगितलं, "चावून खावा."

पडद्यावर शिपाई आले. आई उंबऱ्यात आली. तिनं मुलीकडं पाहिलं आणि दार लावलं. आक्कांनी माझा हात धरला. मध्यंतरापर्यंत त्यांनी तो सोडला नाही. मध्यंतरात पोरं मक्याच्या लाह्या आणायला धावली, तेव्हा मला म्हणाल्या, "दुसऱ्या भागात येईल." दुसऱ्या भागात पद्मानं पंप फोडला, श्रीनिवास मेला, चेअरमन पाण्यात बुडाला, माझ्या वर्गानं शिट्ट्या मारल्या. आई आली नाही. नावं सुरू झाली, दिवे लागले, झाडायला माणसं आली, तरी आक्का उठेनात.

मग उठल्या त्या थेट मॅनेजरच्या टेबलापाशी गेल्या. "साहेब, आई का कापली तुमी?"

तो तरुण मुलगा होता. "आजी, आमच्याकडं वरून जसं येतं तसंच आम्ही दाखवतो."

"मग वर सांगा. आई दार लावून आत बसली म्हणून दाखवलंय. लोक खरं मानतेत."

तो बिचारा हो हो म्हणाला. माझे विद्यार्थी एकमेकांना कोपरं मारत हसत होते. एक शहाणा म्हणाला, "मॅडम, पुस्तकात पण नाहीये ना आई?" मी त्याला गप्प केलं, पण आक्कांनी ऐकलं होतं.

पोरं पांगली. आक्कांनी रिक्षा नको म्हटलं आणि आम्ही पायी निघालो. ऊन कलंडलं होतं. अर्ध्या वाटेवर माझ्यानं राहवेना. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी सगळं सांगितलं. आई पुस्तकात नव्हती. पाइप मी रचला, भाकरी मी रचली, दोनशे बायका मी उठवल्या. तुमची आशा बघवली नाही म्हणून खोटं वाचलं, आणि आता तुम्ही माझ्या खोट्यावर विसंबून भिवंडीला जायला निघाला होता. मला रडू आलं. माझी आई अकलूजला, आणि इथं मला हक्कानं रागावणारं माणूस म्हणजे आक्काच.

आक्कांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"आई आली की तुमी पान उलटत नव्हता. पद्माचं असलं की बोट सरकायचं, पान उलटायचं. आईचं असलं की बोट एकाच जागी आन डोळं माझ्या तोंडाकडं. मला वाचता येत न्हाई टीचर, पर वाचणारं माणूस दिसतंय की."

"मग मॅनेजरशी का भांडलात?"

"कापलीच न्हवं का? सिनेमावाल्यानं न्हाई तर लिवणारीनं कापली. दार लावून कुठली आई गुमान बसती?" त्या चालू लागल्या. थोडं पुढं जाऊन थांबल्या. "मी बसले नव्हते. अर्ध्या तासानं निगाले मी. चप्पल बी घातली नव्हती. ठेसनावर पोचले, गाडी लागली हुती. च्याच्या गाड्यामागं उबारले. खिडकीत दिसत हुता तो, चुलत्याबरोबर भाकरी खात हुता. मी बांधून दिलेली. हाक मारली असती तर उतरला असता. म्हणून न्हाई मारली. गाडी गेली आन मग आले घरी. ह्यांना बी सांगितलं न्हाई कदी."

आम्ही पुन्हा चालू लागलो.

"येंकटेशनं नुसता सिनेमा बगितलाय, टीचर," आक्का म्हणाल्या. "आईनं दार लावलं, एवढंच. पुढचं त्याला कुणी वाचून दाखवलंय?"

त्या आठवड्यात त्या भिवंडीला गेल्या, एकट्या. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाल्या, "तुमी आला तर तुमीच बोलाल." जाताना घराची किल्ली माझ्याकडं दिली आणि दिवसा दार उघडं ठेवायचं बजावून गेल्या. ते चार दिवस मी कॉलेजात रजा टाकून त्या उघड्या दारात पेपर तपासत बसले, कारण बकरीचा भरवसा नव्हता. व्यंकटेशच्या बहिणीचा फोन आला, आक्का पोचल्या एवढंच तिला माहीत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी आक्का परतल्या. चहा झाला. त्यांनी सूप ओढलं, पानं भिजवलेली आहेत का ते पाहिलं.

"आक्का, भेटला?"

"भेटला की. घरी नव्हता, सुनेनं कारखान्यावर पाठवलं. आत गेले तर सगळे माग चालू. त्या आवाजात काय ऐकू येतंय? पर आमच्यात मागावर आवाजानं कोण बोलत न्हाई. ओठ बगून बोलतेत, ल्हानपणापासनं. ह्यांचा डबा घेऊन मी जायची तवा असंच बोलायचो. येंकटेशनं मला बगितलं. तिथनंच ओठानं म्हणला, का आलीस."

"मग?"

"मग मी बी तिथंच उबी ऱ्हाऊन सगळं सांगितलं. दार, ठेसन, च्याचा गाडा, भाकरी. आवाज न काढता. चार मागाच्या पलीकडनं. तो दोरं जोडायचं सोडून माझ्या ओठाकडं बगत हुता."

आक्कांनी एक पान उचललं, हातातच ठेवलं.

"मग एकेक करून चारी माग बंद केलं त्यानं. माझ्याजवळ आला. म्हणला, आता परत सांग. ऐकू येऊ दे."

"सांगितलंत?"

"सांगितलं की," आक्का म्हणाल्या. "पर आवाज काय नीट निगंना, टीचर."